कणभौतिकीच्या प्रयोगांची भीती आणि बेळगाव सीमाभाग

कणांची टक्कर घडवणाऱ्या किंवा जमिनीखाली कण टिपणाऱ्या प्रयोगांमुळे पृथ्वीचा नाश होईल, परिसर बाधित होईल, माणसांना किरणोत्साराचा त्रास होईल, अशी लोकांमध्ये पसरणारी धास्ती. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार या मराठी वस्तीच्या पट्ट्यात असा एकही मोठा प्रयोग नाही. तरी ही धास्ती इथे दोन वाटांनी पोहोचते. एक वाट जिनिव्हाहून टीव्हीच्या पडद्यावर येते, दुसरी कैग्याच्या अणुवीज केंद्राकडून आणि कणकुंबीच्या खोदाईकडून, म्हणजे घराजवळूनच. पहिलीला भौतिकशास्त्राने चोख उत्तर दिले आहे. दुसरीचे उत्तर सरकारने आणि शास्त्रज्ञांनी लोकांसमोर बसून द्यायचे असते. दोन्ही एकाच पोतडीत टाकल्या की लोकांवरही अन्याय होतो आणि विज्ञानावरही.

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी संस्थेतील लार्ज हॅड्रॉन कोलायडर हे कणांची टक्कर घडवणारे, जमिनीखालच्या भुयारातले २७ किलोमीटर घेराचे यंत्र १० सप्टेंबर २००८ रोजी सुरू झाले. तो गणेशोत्सवाचा आठवा दिवस होता. बेळगावात देखावे पाहायला रीघ लागते ते हे दिवस, आणि याच दिवसांत हिंदी वृत्तवाहिन्या जग बुडण्याची घटका मोजत बसल्या होत्या. भारतीय वेळेनुसार दुपारी दोनला दोन मिनिटे कमी असताना प्रोटॉनांचा पहिला झोत पूर्ण वर्तुळ फिरून आला. त्या दिवशी टक्कर घडवायचीच नव्हती. झोत आधी एका दिशेने, मग दुसऱ्या दिशेने फिरवून पाहायचा, एवढाच बेत होता. पहिल्या टकरी झाल्या नोव्हेंबर २००९ मध्ये. ही साधी गोष्ट सांगायला वाहिन्यांकडे वेळ नव्हता. या बातम्यांच्या धसक्याने मध्य प्रदेशात एका किशोरवयीन मुलीने जीव दिल्याचे वृत्त तेव्हा आले होते. म्हणूनच ही भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

जग बुडण्याची आवई इकडच्या जुन्या पिढीला नवी नव्हती. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रही योग आला तेव्हा देशभर यज्ञ आणि जपजाप्य झाले. जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब कोसळणार म्हणून लोकांनी रात्री जागून काढल्या. ते अवकाशस्थानक हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. कोलायडरच्या वेळी फरक एवढाच होता की धोका वर्तवणाऱ्यांच्या तोंडी पंचांगाऐवजी भौतिकशास्त्राची भाषा होती, आणि ती खोडून काढणे सामान्य वाचकाच्या आवाक्यात नव्हते.

मुख्य शंका तीन. टकरीतून सूक्ष्म कृष्णविवर जन्मेल आणि पृथ्वी गिळेल. ‘स्ट्रेंजलेट’ नावाचे काल्पनिक द्रव्य तयार होऊन आजूबाजूच्या सगळ्या पदार्थाला आपल्यासारखे करून टाकेल. किंवा विश्वाचे निर्वात, म्हणजे रिकामी वाटणारी पोकळीच, अस्थिर असून टकरीने ते ढासळेल. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेचा त्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र, २००० साली सुरू झाला, त्याच्या आधीही अशाच शंका निघाल्या होत्या. कोलायडर थांबवावा म्हणून मार्च २००८ मध्ये हवाईच्या न्यायालयात दावा दाखल झाला. तो फेटाळला गेला आणि २०१० मध्ये अपीलही निकाली निघाले.

या शंकांचे उत्तर आपल्या डोक्यावरच घडत असते. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणातील अणूंवर अखंड आदळतात. कोलायडरच्या टकरीची आराखड्यातली ऊर्जा १४ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट. एक टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे साधारण एका उडत्या डासाची ऊर्जा, पण अणूहून कितीतरी लहान जागेत कोंबलेली. निसर्ग याहून फार पुढे जातो. १९९१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात नोंदवलेल्या एका विश्वकिरणाच्या टकरीची ऊर्जा कोलायडरमधल्या टकरीच्या कैक पट होती. अशा टकरी पृथ्वीवर, चंद्रावर, सूर्यावर अब्जावधी वर्षे चालू आहेत. त्यांतून उपजणारे म्युऑन नावाचे सूक्ष्म कण आत्ता हे वाचणाऱ्याच्या तळहातातूनही जात आहेत, सेकंदाला साधारण एक. काचेची बरणी, अल्कोहोल आणि कोरडा बर्फ एवढ्या सामानावर विश्वकिरणांचे माग डोळ्यांनी पाहता येतात: अंधारात उजेडाची तिरीप धरली की बरणीच्या तळाशी पांढुरकी रेघ उमटते आणि क्षणात विरते. बेळगावच्या कुठल्याही कॉलेजात हा प्रयोग करता येईल, आणि करावा.

यावर एक खरोखर विचार करण्याजोगा आक्षेप होता. विश्वकिरणांतून काही विपरीत उपजले तरी ते प्रचंड वेगाने पृथ्वीच्या आरपार निघून जाईल. कोलायडरमध्ये मात्र समोरासमोर टक्कर असल्याने उपजलेली वस्तू संथ राहून इथेच अडकेल. सूक्ष्म कृष्णविवर हॉकिंग प्रारणाने, म्हणजे स्वतःची ऊर्जा बाहेर टाकत, तत्क्षणी विरून जाईल, हे उत्तर होते. पण ते प्रारण कोणी पाहिलेले नाही, असे आक्षेपक म्हणत. स्टीव्हन गिडिंग्ज आणि मिकेलांजेलो मांगानो यांनी २००८ मध्ये हॉकिंग प्रारणाचा आधारच न घेता हिशेब मांडला. श्वेतबटू आणि न्यूट्रॉन तारे, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांचे अवशेष, इतके घन असतात की अशी वस्तू त्यांच्यात अडकल्याशिवाय राहणार नाही. पृथ्वीला धोका असता तर हे तारे केव्हाच गिळले गेले असते. ते आकाशात शाबूत आहेत. शंकेखोराची सर्वांत बळकट बाजू धरून तिलाच उत्तर देणे, याला म्हणतात सचोटी. सर्नच्या सुरक्षा गटाचा त्याच वर्षीचा अहवालही याच निष्कर्षाला आला.

खरा अपघात झाला तो भलत्याच ठिकाणी. १९ सप्टेंबर २००८ रोजी झोत वळवणाऱ्या चुंबकांमधील एक विद्युत जोड निकामी झाला, त्यांना थंड ठेवणारे सुमारे सहा टन हेलियम सुटले, ५३ चुंबक काढावे लागले आणि यंत्र वर्षभराहून अधिक बंद पडले. कोणालाही इजा झाली नाही. हेलियम कोंडून प्राणवायू कमी पडणे, विजेचा धक्का, झोत चालू असतानाचे प्रारण, त्या झोताने किंचित किरणोत्सारी झालेले भाग: अशा यंत्राचे धोके हे आहेत, आणि ते भुयाराच्या आत राहतात. हे चुंबक ज्या ७,००० हून अधिक जॅकवर तोलले आहेत ते भारताने पुरवले. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्याला त्या अचूकपणाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

आता घराजवळची भीती. कारवार तालुक्यात काळी नदीकाठी कैगा अणुवीज केंद्र आहे, २२० मेगावॅटच्या चार भट्ट्यांचे. बांधकाम चालू असताना, मे १९९४ मध्ये, तिथल्या घुमटाचा भाग कोसळला. नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, मिसळल्याचे उघड झाले आणि अनेक कर्मचारी बाधित झाले. हे पाहिलेल्या माणसाने ‘अणू’ शब्द ऐकून सावध होणे स्वाभाविक आहे. पण भट्टीत विखंडनाची, म्हणजे अणुकेंद्रे फुटत जाण्याची, साखळी चालते आणि वापरलेले इंधन मागे उरते. त्वरकात तशी साखळीच नसते. न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून सहज आरपार जाणारे सूक्ष्म कण, टिपणारी प्रयोगशाळा तर काहीच सोडत नाही, नुसती पाहते. याचा दाखला कर्नाटकातच आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागाने, १९६५ मध्ये वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची जगातील पहिल्यांपैकी एक नोंद झाली.

तरीही तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातील न्यूट्रिनो वेधशाळेला जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळूनही ती उभी राहिली नाही. विरोधात किरणोत्साराची निराधार भीती होती, तशीच बोगदा, सुरुंग, धरणे आणि पश्चिम घाटातले पाणी यांची साधार काळजीही होती. ही दुसरी काळजी खानापूर तालुक्याला शिकवावी लागत नाही. म्हादईच्या खोऱ्यात कणकुंबीला कळसा नाल्याचे पाणी वळवण्यासाठी डोंगर खोदताना तिथल्या लोकांनी पाहिला आहे. घाटात खोदले तर झरे कुठे वळतात, खणलेली माती कुठे टाकतात, हे प्रश्न अडाणीपणाचे नव्हेत. सर्नच्या पुढच्या, सुमारे ९१ किलोमीटर घेराच्या नियोजित यंत्राबाबत फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधील गावकरीही खणलेला दगड, पाणी, वीज हेच विचारतात.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेत मिळावा, अशी २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत तरतूद आहे. कर्नाटकाचा सरकारी कारभार कन्नडमधून चालतो, आणि सरकारी कागदपत्रे मराठीतही मिळावीत ही इथली जुनी मागणी आहे. घाटात उद्या एखादी प्रयोगशाळा ठरली, तर तिच्या जनसुनावणीआधी खानापूरच्या ग्रामपंचायतींत मराठी सारांश पोहोचवणे ही प्रकल्पवाल्यांची पहिली जबाबदारी राहील.