कृतिसंशोधन म्हणजे प्रयोग नव्हे

बी.एड.ची फाइल पूर्ण केलेल्या कुणालाही कृतिसंशोधन समजावून सांगायला नको: शिक्षकाला स्वतःच्या वर्गात दिसलेली अडचण, उपाय, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, अहवाल. शैक्षणिक संशोधन त्याहून वेगळं कसं, असं विचारलं की नमुना मोठा, काळ मोठा, खर्च मोठा, असे फरक सांगितले जातात. ते खरे आहेत, पण त्यांच्यावाचून कुणाचं अडत नाही. घोळ होतो तो एकाच ठिकाणी: तुलना कशाशी करायची?

समजा, तिसरीतली काही मुलं ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहितात. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्या अंकातून लहान काढायचा, एवढंच त्यांना ठाऊक. बाईंनी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणले, दशकाचा गठ्ठा सोडायला लावला, महिन्याभरात गुण वाढले. इथवर उत्तमच. मग अहवालाला नाव पडतं ‘काड्यांच्या गठ्ठ्यांच्या परिणामकारकतेचा अभ्यास’ आणि शेवटी टी-मूल्य येतं, म्हणजे सरासरी गुणांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे जोखणारा आकडा. हे मला मुळीच मान्य नाही. त्याच महिन्यात मुलं रोज वजाबाक्या करत होती, काहींना घरी कुणी शिकवत होतं, चाचणीही ओळखीची झाली होती. शिवाय सगळ्यांत कमी गुणांची मुलं निवडली की त्यांतल्या काहींचे गुण पुढच्या खेपेला आपसूक वर येतात. पहिल्या चाचणीच्या दिवशी एखाद्याला ताप असतो. गुण वाढले हे खरं. त्यांतले काड्यांमुळे किती, हे असलं टी-मूल्य सांगूच शकत नाही.

त्यासाठी काड्यांशिवाय शिकलेली तशीच मुलं लागतात. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना शिकवायला शाळेत एक स्थानिक तरुणी, म्हणजे बालसखी, दिली जाई. त्या उपक्रमाचा अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई-वडोदऱ्यात अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला बालसखी मिळणार, हे त्यांनी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, ठरवलं. बालसखी न मिळालेली मुलंही वर्षभरात काही ना काही शिकणारच. म्हणून बालसखीच्या खात्यावर जमा धरला तो फक्त दोन्ही गटांतला फरक.

मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून मूलभूत वाचन-गणित शिकवलं तर सरासरी फायदा होतो, हे त्यातून कळलं. तुमच्या वर्गातली एक मुलगी ३५ का लिहिते, हे मात्र तिची वही घेऊन शेजारी बसणाऱ्या बाईंनाच कळेल, आणि कृतिसंशोधनाचं खरं काम तेच आहे. म्हणून अहवालातून टी-मूल्याचं प्रकरण सरळ काढून टाकावं आणि त्या जागी चुकांची नोंद मागावी: कुणी काय लिहिलं, ‘असं का केलंस?’ म्हटल्यावर काय सांगितलं, गठ्ठा सोडल्यावर काय बदललं, आणि ५०३ − २७८ मध्ये दशकाच्या घरात शून्य दिसल्यावर पुन्हा कोण अडलं.