एक डोळा मिटून बघा

परवा मुंबईतल्या एका संग्रहालयात भिंती, छत, अगदी दाराची चौकटसुद्धा रंगवलेल्या दालनात उभा होतो. शेजारच्या बाई मुलाला सांगत होत्या, "डोळे मीट, इथली ऊर्जा जाणवेल." मला राहवेना. ऊर्जा म्हणावी तर त्या निळ्या रंगावरून जो प्रकाश डोळ्यांत शिरतो, तसाच तुमच्या सोसायटीच्या निळ्या भिंतीवरूनही शिरतो. चित्राच्या आत शिरल्यासारखं वाटतं, त्याचं कारण आपल्या दोन डोळ्यांत आहे.

डोळ्यांमध्ये साधारण 6 सेंटीमीटर अंतर असतं. अंगठा नाकासमोर धरा, आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा उड्या मारतो. दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतल्या या फरकावरून मेंदू खोली मोजतो. जवळच्या चित्राचं बिंग इथेच फुटतं: झाड पुढे आणि डोंगर मागे रंगवला, तरी दोघांचं माप एकच येतं, सपाट!

पण हा फरक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दोन वस्तू एकमेकींच्या 10 सेंटीमीटर मागे-पुढे आहेत असं समजा. 1 मीटरवरून पाहिलं तर फरक सुमारे एक तृतीयांश अंशाचा. 10 मीटरवरून पाहिलं तर त्याच्याही शंभराव्या भागाइतका, म्हणजे अंशाचा जेमतेम तीनशेवा हिस्सा. तो टिपताना मेंदूची कसोटी लागते. उंच छत सपाट आहे अशी साक्ष द्यायला मग डोळे पुढे येत नाहीत, आणि चित्रकाराचं फावतं. रोमच्या सांतिन्यात्सिओ चर्चमध्ये आंद्रेआ पोत्सोने 1685 साली सपाट कॅनव्हासवर अख्खा घुमट रंगवला. जमिनीवरच्या खुणेच्या तबकडीवर उभं राहिलं की तो खरा वाटतो; तिथून बाजूला सरकलं की तिरपा होतो.

म्हणून अशी चित्रं त्या-त्या जागेच्या मापानेच रंगवावी लागतात. फोर्टमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, 1911 च्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये, जिने चढत वरच्या घुमटाखाली जा. तिथल्या गोलाईवर खोलीचा कोपरा सापडत नाही, आणि भिंत नेमकी कुठे आहे हे सांगणारी मोठी खूण म्हणजे कोपराच. तो नसला की डोळे आणखी सहज फसतात.

शेवटी त्या मुलाला सांगितलंच. भिंतीवर रंगवलेल्या पायरीसमोर उभं राहून त्याने एक डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. "आई, पायरी आत गेली! आता बाहेर आली!"