रंगांचा परस्परप्रभाव

शेजारच्या रंगामुळे एखाद्या रंगाची छटा, उजळपणा किंवा तजेला बदलल्याचा होणारा भास, तसेच चित्रकला व डिझाइनमधील त्याचा अभ्यास. करड्या कागदाचा तुकडा तांबड्यावर ठेवला तर किंचित हिरवट दिसतो, हिरव्यावर तांबूस. काळ्यावर उजळतो, पांढऱ्यावर काळवंडतो.

या अभ्यासाला शिस्त लागली ती एका कारखान्यात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल यूजेन शेव्रल (१७८६–१८८९) यांच्याकडे १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ चित्रजवनिका (चित्रे विणलेले भिंतीवरचे पडदे) कारखान्यातील रंगाईची देखरेख आली. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत विणलेला काळा रंग फिका पडतो, अशी तिथे तक्रार होती. शेव्रल यांनी ती काळी लोकर बाहेरच्या नामांकित रंगाऱ्यांच्या लोकरीशी ताडून पाहिली; रंगाईत खोट निघाली नाही. खोट शेजाराची होती. प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या पूरक, म्हणजे रंगचक्रात समोर येणाऱ्या, रंगाची झाक चढवतो, म्हणून निळ्यालगतचा काळा नारिंगीकडे झुकून निस्तेज दिसे. याला त्यांनी समकालिक विरोध म्हटले आणि १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. पुढे झॉर्झ सरा यांच्यासारख्या चित्रकारांनी त्याचा आधार घेतला.

विरोधाने सगळाच उलगडा होतो असे मात्र नाही. बारीक नक्षीत अनेकदा उलट घडते: तांबड्या भागात काळ्या रेघा ओढल्या तर तांबडा गडद भासतो, पांढऱ्या ओढल्या तर फिकट. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म फोन बेझोल्ड यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. (पैठणीतली धूपछाव याहून निराळी, तिथे उभे-आडवे धागेच दोन रंगांचे असतात.)

शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम योझेफ आल्बर्स (१८८८–१९७६) यांचे. जर्मनीतल्या बाउहाउस या कला व डिझाइन शाळेतून अमेरिकेत गेलेल्या या चित्रकाराने तिथल्या विद्यार्थ्यांच्या हाती रंगांऐवजी रंगीत कागद दिले. कागदाचा रंग हवा तितक्या वेळा तंतोतंत तोच मिळतो. त्यामुळे फरक मिश्रणात पडला की नजरेत, हा वाद उरत नाही. पहिला धडा एकच रंग दोन पार्श्वभूमींवर दोन वेगळे रंग वाटतील असा मांडण्याचा. दोन भिन्न रंग एकसारखे भासवणे त्याहून बरेच अवघड. पडताळा सोपा: त्याच कागदाची पट्टी दोन्ही तुकड्यांना जोडून ठेवली की भास जागीच मोडतो. हे पाठ १९६३ मध्ये येल विद्यापीठाने ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ या नावाने छापले.

संगणकाच्या पडद्यावरही रंगाचा संकेतांक तोच ठेवून पार्श्वभूमी बदलली की रंग वेगळा दिसतो. म्हणून बोधचिन्हांच्या फिकट आणि गडद पृष्ठांसाठी निरनिराळ्या आवृत्त्या केल्या जातात.