बलून बदलण्याआधी हवा तपासा
एअर सस्पेन्शनच्या बसचे मालक आणि चालक यांच्यासाठी

“बलून गेलाय, नवा टाका,” असं सांगत गाडी आमच्याकडे येते. बलून म्हणजे गाडीचं वजन पेलणारी, हवा भरलेली रबरी पिशवी. बलून आम्ही टाकतोच, पण तो का गेला हे शोधायला आधी थोडा वेळ मागतो. मूळ कारण तसंच राहिलं तर नवा बलूनही त्याच वाटेने जातो आणि तुम्हाला दुसऱ्यांदा भुर्दंड पडतो.

पाट्यांची (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगची) गाडी रिकामी असली की आपटते, भरली की दबते. बलूनचं तसं नसतं. प्रवासी चढून गाडी खाली बसू लागली की लेव्हलिंग व्हॉल्व्हचा दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह बलूनमध्ये हवा भरतो. प्रवासी उतरले की जादा हवा सोडून देतो. म्हणून पाच माणसं असोत की पन्नास, गाडीची उंची तीच राहते.

ही हवा ब्रेकच्याच कॉम्प्रेसरकडून येते. बलूनकडे गळती झाली तरी ब्रेकचा दाब राखण्यासाठी मध्ये प्रोटेक्शन व्हॉल्व्ह असतो. पण गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत राबतो, तापतो आणि हवेबरोबर तेल फेकू लागतो. ते तेल हवेतली ओल काढणाऱ्या एअर ड्रायरच्या कार्ट्रिजमध्ये बसलं की कार्ट्रिज पाणी शोषत नाही. मग ओल व्हॉल्व्हपर्यंत पोचते आणि व्हॉल्व्ह अडकतो. एका छोट्या गळतीने सुरू झालेलं दुखणं असं सगळ्या गाडीत पसरतं. कोकणात पावसाळा काढणाऱ्या गाड्यांना याचा त्रास जास्त. म्हणून हवेच्या टाकीचा ड्रेन नियमित उघडा. पाणी निघालं तर कार्ट्रिज बदलायची वेळ झाली; तेलकट पाणी निघालं तर आधी कॉम्प्रेसर दाखवा.

गळती कुठे आहे याचा अंदाज सकाळी गाडी नुसती पाहूनही येतो. बहुतेक बसना लेव्हलिंग व्हॉल्व्ह तीन असतात: पुढे एक, मागे दोन. मागची एकच बाजू बसली असेल तर त्या बाजूचा बलून, पाइप किंवा व्हॉल्व्ह पाहायचा. पुढचं तोंड मात्र दोन्ही बाजूंनी बसतं, तेव्हा दोन्ही बलून खराब आहेत असं समजू नका. ते एकाच व्हॉल्व्हवर असल्याने एकातली गळती दोघांनाही बसवते. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात.

बलूनच्या खालच्या घडीत चिखल आणि खडी अडकते, आणि गाडी हलेल तशी ती रबर घासत राहते. गाडी धुताना तिथेही पाणी मारा. डिझेल किंवा ग्रीस रबराला लावू नका.

काही चालक खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी उंच राहावी म्हणून व्हॉल्व्हचा दांडा वाकवतात. कृपया असं करू नका. त्याने बलून ताणला जातो, शॉकअब्सॉर्बर शेवटपर्यंत ओढला जातो आणि इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो.

आणि एक हात जोडून विनंती: नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या बसखाली कधीही शिरू नका. बलून फुटला तर गाडी क्षणात खाली येते. चासीखाली मजबूत स्टँड लावल्याशिवाय आमचा माणूसही खाली जात नाही.

तपासणीसाठी गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळीच आणून लावा. रात्रभरात ती कुठे बसते ते सकाळी इंजिन सुरू करण्याआधी तुमच्यासमोरच मोजू.