बालछळ : आरोग्यावरील दीर्घकालीन परिणाम व प्रतिबंध

अठरा वर्षांखालील मुलाला होणारी मारहाण, त्याचे लैंगिक शोषण, सततचा पाणउतारा आणि हेळसांड या सर्वांना मिळून बालछळ म्हणतात. यांपैकी हेळसांडीत कोणी हात उगारलेला नसतो. त्यामुळे ती छळ म्हणून सहसा ओळखूच येत नाही.

सतत भीतीत किंवा दुर्लक्षात वाढणाऱ्या मुलाच्या शरीरातील ताणाला तोंड देणारी यंत्रणा पुरती शांत होत नाही. कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे चक्र बिघडते आणि त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर व प्रतिकारशक्तीवर होतो. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा व सहकाऱ्यांनी नऊ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करून १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे प्रतिकूल अनुभव आलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असे अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट आढळला. हृदयविकार, कर्करोग आणि फुप्फुसांचे जुनाट आजारही अशा अनुभवांच्या संख्येबरोबर वाढलेले दिसले. हे जोखमीचे गणित आहे, विधिलिखित नव्हे. मायेने पाठीशी उभे राहणारे एखादे वडीलधारे माणूसही मुलाला बरेच सावरते.

‘छडी लागे छमछम’ ही समजूत अजून पुरती गेलेली नसली, तरी शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार (२०१२) लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

हेळसांड मात्र कायद्याने फारशी आवरत नाही. सांगली व सातारा जिल्ह्यांत गळीत हंगामात बीड व आसपासच्या भागांतून ऊसतोड मजूर येतात. नवराबायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते आणि ती पहाटे फडात गेली, की कोपीवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) तान्ह्याला सांभाळायला अनेकदा सात-आठ वर्षांची बहीणच उरते. येथे आईबापांना दोष देऊन भागत नाही, कारण दोघांपैकी एक मागे राहिला तर कोयता मोडतो. कारखान्यांलगतच्या साखरशाळा आणि मुलांना गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहे हे यावरचे उपाय शाळकरी मुलांपुरते आहेत. त्याहून लहान मुले आईबरोबर फडावर येतात आणि त्यांच्यासाठी पाळणाघर कोपीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, तेही पहाटे उघडणारे, असावे लागते.