गिऱ्हाईक आत गेलं, मागचं दार बंद झालं

तालुक्याच्या गावात नव्यानं उघडलेल्या कुठल्याही मार्टात जा. आत शिरायला एक काचेचं दार, बाहेर पडायला बिलाच्या काउंटरशेजारची चिंचोळी वाट. मागच्या भिंतीत आणखी एक दार असतं. त्याला कुलूप असतं आणि पुढे तेलाच्या डब्यांची चळत. "हे काहून बंद ठेवता?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "माल जाते ना भाऊ मागून." मालकाचं म्हणणं खोटं नाही, चोरी होतेच. पण या कुलपामागचा इतिहास बराच जुना आहे.

आपल्याकडच्या पेठेतलं जुनं दुकान फळ्यांचं. उभ्या फळ्या, प्रत्येकीवर आकडा, खाचेतून एकामागून एक सरकवायच्या, वरून आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप. सकाळी फळ्या काढल्या की दर्शनी बाजू सगळी मोकळी. गादीवर सेठ, गिऱ्हाईक ओट्यापाशी. कापडाच्या दुकानात तेवढं आत बसायचं. किराणा मात्र रस्त्यावर उभं राहून मागायचा आणि पुडीत बांधून घ्यायचा. आग लागली तर माल जायचा. गिऱ्हाईक आत कोंडलं जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते आत नव्हतंच. फळ्या जाऊन लोखंडी शटर आलं तरी यात फरक पडला नाही. दुकान सुरू म्हणजे शटर वर.

अर्थात त्या ओट्याचे गोडवे गाताना एक विसरू नये. त्यावर सगळ्यांना चढू दिलं जात नव्हतं. काहींच्या पुड्या लांबून टाकल्या जात. मार्टाच्या दारातून कोणीही आत जातो, हातात वस्तू घेऊन किंमत वाचतो, सेठच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. 'गिऱ्हाइकाची सोय' ही नुसती पाटीवरची ओळ नाही.

ही सोय अमेरिकेत मेम्फिस शहरात १९१६ मध्ये सुरू झाली. 'पिगली विगली' नावाच्या दुकानात गिऱ्हाइकानं फिरत्या फाटकातून आत जायचं, ठरलेल्या वाटेनं सगळ्या कपाटांपुढून फिरायचं आणि गल्ल्यापाशी पैसे देऊनच बाहेर पडायचं. नोकर कमी लागले, भाव उतरले. पण माल आणि माणूस एकाच खोलीत आल्यावर मालकाची नजर आपोआप बाहेरच्या वाटेवर गेली.

अविश्वासानं दार बंद करण्याची सवय याहून जुनी. इंग्लंडमधल्या संडरलंड गावी १६ जून १८८३ रोजी मुलांचा जादूचा खेळ होता. खेळ संपल्यावर बक्षिसं वाटणार म्हणताच वरच्या मजल्यावरची मुलं जिन्यावरून खाली धावली. तिकिटं तपासायची म्हणून खालचं दार एकेक मूल जाईल एवढंच उघडं ठेवून खिटी लावलेली होती. आग नव्हती, धूर नव्हता. तरी १८३ मुलं चेंगरून मेली. दार उघडत होतं आतल्या बाजूला, आणि मागून रेटा असला की असं दार ओढून उघडणं कोणाच्याही ताकदीबाहेरचं असतं. या घटनेनंतर रॉबर्ट ब्रिग्ज या इंग्रजानं दाराला आडवा दांडा बसवला, अंगाचा भार पडला की खिटी निघणारा. १८९२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. हाच आजचा पॅनिक बार.

न्यूयॉर्कच्या ट्रायंगल कारखान्यात बायकांचे झंपर शिवले जात. कारागीर मुली कापड चोरून नेतील म्हणून सुट्टीच्या वेळी एकाच दारातून पर्स तपासून सोडत. नवव्या मजल्यावरचं दुसरं दार कुलूपबंद. २५ मार्च १९११ च्या आगीत १४६ जण गेले. दाराला कुलूप असल्याचं मालकांना माहीत होतं हे सिद्ध झालं नाही, म्हणून ते सुटले. पुढे १९१३ मध्ये त्यांतल्याच एकाला दुसऱ्या कारखान्याचं दार कुलूपबंद ठेवल्याबद्दल दंड झाला. किती, तर वीस डॉलर. आणि २००४ च्या १ ऑगस्टला पॅराग्वेच्या राजधानीत एका सुपरमार्केटला आग लागली तेव्हा लोक पैसे न देता पळतील म्हणून दारं लावून घेतली. जवळपास चारशे माणसं मेली. मालक या वेळी तुरुंगात गेले.

आता आपल्याकडे येऊ. विदर्भाला आग नवी नाही, कापूस आहे तिथे ती आहेच. १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोचली, पाठोपाठ हिंगणघाट, अकोला, यवतमाळ भागात जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचं काम, वाढलं. कापसात आलेला लोखंडाचा बारीक तुकडा रोलरपाशी घासला की ठिणगी पडते. दाबून बांधलेल्या गाठीत ती तासन् तास धुमसत राहते आणि भलत्याच वेळी बाहेर येते. देशाचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा. पण वर्षात चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांनाच तो लागू होता, त्यामुळे हंगामी जिन त्यातून निसटले. कामगार आत असताना दाराला कुलूप नको, दार आतून चटकन उघडलं पाहिजे आणि बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, असं १९४८ च्या कारखाना कायद्यानं स्पष्ट लिहिलं. सिनेमाचा पहिला कायदा १९१८ चा. त्या काळची फिल्म भडकन पेटायची, म्हणून प्रेक्षकांची सुरक्षितता त्यात पहिल्यापासून होती.

दुकानाचं काय? १९४७ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा दुकाने कायदा आणि मुंबईचा १९४८ चा, दोन्हींचा रोख नोकरांचे तास आणि सुट्ट्यांवर. म्हणजे एकाच गावात जिनमधल्या मजुराच्या दाराची चिंता कायद्यानं केली, टॉकीजमधल्या प्रेक्षकाचीही केली. दुकानातल्या गिऱ्हाइकाची करायचं कारण तेव्हा दिसलं नसावं, ते ओट्यावरच उभं होतं.

कायदा असून दार बंद राहतं ते वेगळंच. दिल्लीच्या उपहार टॉकीजमध्ये १३ जून १९९७ रोजी ५९ जण गेले, बहुतेक धुरानं गुदमरून. बाल्कनीत खुर्च्या वाढवताना बाहेर पडायची एक वाट बुजवलेली होती. आणि दार नुसतं बाहेरच्यांसाठी बंद करतात असंही नाही. ९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची इथं साड्यांच्या दुकानाला आग लागली, आत झोपलेले पाच कामगार गेले. शटरला बाहेरून कुलूप होतं. राखणीला पोरगं आत झोपवून बाहेरून कुलूप लावायची रीत आपल्या बाजारपेठांतही आहे, लग्नसराईत आणि दिवाळीच्या मालावर तर हमखास.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत दोन साधी वाक्यं आहेत. बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. आणि ते वर गुंडाळणारं किंवा सरकणारं नको. दुसरं वाक्य वाचून कोणत्याही तालुक्याच्या मेन रोडवर नजर टाका. सगळा रस्ता शटरचा. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा, अंमल डिसेंबर २००८ पासून. जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं. 'फायर ऑडिट' हा शब्द मात्र आपल्याकडे लोकांच्या तोंडी आला तो ९ जानेवारी २०२१ नंतर, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली तेव्हा. मग दवाखाने तपासले गेले. दुकानांपर्यंत ती लाट फारशी आली नाही.

दरम्यान दुकान बदलत गेलं. उन्हाळ्यात पारा ४५ वर जातो, म्हणून एसी; एसी म्हणून खिडक्या बंद; उरलेल्या खिडक्यांवर फ्लेक्स. वरच्या मजल्यावर कपडे, जिन्यात खोकी. फोमच्या गाद्या, प्लॅस्टिकच्या बादल्या, सेंटच्या बाटल्या, तेल, सगळं एका छताखाली, आणि यातलं बरंचसं जळताना काळा विषारी धूर सोडतं. बंब नगरपरिषदेचा, मार्ट आता मोठ्या ग्रामपंचायतीच्या गावांतही उघडतात, तिथं तो वीस-पंचवीस किलोमीटरवरून यायचा.

चोरीवर उपाय नाही असं नाही. आतून दांडा ढकलला की उघडणारं आणि उघडताच भोंगा वाजणारं दार मिळतं. चोर पळायच्या आधी अख्खं दुकान मागे वळून बघेल. हे एका ओळखीच्या दुकानदाराला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, म्हणाला, "किल्ली हाय ना आपल्यापाशी, लागली तं खोलून देऊ." किल्ली कुठे असते विचारलं. गल्ल्यात. गल्ला पुढच्या दारापाशी, मागच्या दारापासून चांगला साठ पावलांवर.