कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणजे फायली गेल्या का?

‘कॉम्प्युटर सुरू होत नाही, म्हणजे आतलं सगळं गेलं, आता फॉरमॅटच करा,’ हा समज जुना आहे. समोर नुसती काळी स्क्रीन असताना तसं वाटणं साहजिकच. पण फायली डिस्कवर असतात आणि बिघाड अनेकदा दुसरीकडेच असतो: पॉवर सप्लाय, सैल झालेली रॅम, विंडोजची एखादी खराब फाइल. पडताळायचं तर पेनड्राइव्हवरचं लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) इन्स्टॉल न करता चालवून बघा. फोल्डर दिसले की आधी कॉपी काढा. तेही चालत नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असेल, तर ती उघडायला रिकव्हरी की (लांबलचक कोड) लागेल. हार्ड डिस्क टकटक वाजत असेल, तर मात्र लगेच बंद करा; चालू ठेवल्यास नुकसान वाढू शकतं.